क्लिप आणि कॅशक्लिप

त्र्यंबकेश्वरात व्हिडिओचं काम म्हणजे यात्रेचं काम. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या समाधीला दिंड्या येतात, श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी असते, आणि व्हिडिओ सगळ्यांनाच लगेच हवा असतो. त्या घाईत ड्राइव्ह भरतो.

आमच्याकडे निवृत्तिनाथ यात्रेचं एडिटिंग दा विंची रिझॉल्व्हवर चालू होतं. ऐन रात्री डिस्क भरल्याचा मेसेज आला. मदतीला असलेल्या मुलानं थेट ड्राइव्ह उघडला आणि मोठी फोल्डरं शोधली. रिझॉल्व्ह रेंडर फाइल ‘कॅशक्लिप’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवतं. सोनीच्या अनेक कॅमेऱ्यांच्या कार्डावर मूळ चित्रीकरण ‘क्लिप’ नावाच्या फोल्डरमध्ये असतं, आणि कार्ड जसंच्या तसं कॉपी केलेलं होतं. त्यानं ‘कॅशक्लिप’ऐवजी ‘क्लिप’ उडवलं, रीसायकल बिनही रिकामं केलं. कार्डं दुपारीच फॉरमॅट होऊन कॅमेऱ्यात परतली होती. ट्रिम चालू असलेल्या एसएसडीवरून उडवलेला डेटा सहसा परत मिळत नाही. आम्हालाही मिळाला नाही. एका दिंडीचं समाधीपाशी येणं गेलं ते गेलंच. पोराला दोष देववत नाही. कट मारायला सगळे शिकवतात, साफसफाई कुणीच शिकवत नाही.

म्हणून नव्यांना सांगतो. रेंडर फाइल मशीननं बनवलेली असते, ती हव्या तितक्या वेळा पुन्हा बनते. कॅमेऱ्यातली फाइल एकदाच बनते. ड्राइव्ह भरतो तो बहुतेक वेळा पहिल्या जातीच्या फायलींनी. कॅमेऱ्यानं सेकंदाला १०० मेगाबिटनं घेतलेलं तासभराचं फोरके चित्रीकरण साधारण ४५ जीबी होतं. तेच प्रोरेस ४२२ मध्ये, सेकंदाला २५ फ्रेमनं रेंडर झालं की २२० जीबी. तेव्हा रेंडर फाइल उडवायलाच हव्यात, पण फोल्डर उघडून हातानं नाही. रिझॉल्व्हमध्ये ‘प्लेबॅक’ मेनूत ‘डिलीट रेंडर कॅश’ आहे. प्रीमिअरमध्ये ‘सीक्वेन्स’ मेनूत ‘डिलीट रेंडर फाइल्स’; तिथला मीडिया कॅश वेगळा, तो प्रेफरन्सेसमधून साफ होतो. फायनल कटमध्ये लायब्ररी निवडून ‘फाइल’ मेनूतलं ‘डिलीट जनरेटेड लायब्ररी फाइल्स’. आपल्या फाइल कुठल्या, हे सॉफ्टवेअरला नेमकं माहीत असतं. जागरणानं डोळे मिटत आलेल्या माणसाला नसतं.

काम चालू असताना फक्त न वापरलेल्या रेंडर फाइल उडवाव्यात. सगळ्या उडवल्या तरी प्रोजेक्ट मोडत नाही, पुन्हा रेंडर करण्यात वेळ जातो इतकंच. पण डिलिव्हरीच्या आदल्या रात्री तोच वेळ नसतो. ग्राहकानं शेवटचा बदल मान्य केला की मग सगळ्या.

दादासाहेब फाळके १८७० मध्ये याच गावात जन्मले. त्यांचा १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ चार रिळांचा होता, आज तो पूर्ण बघायला मिळत नाही. मूळ चित्रीकरण गेलं की काय जातं, हे त्र्यंबकच्या माणसाला तरी वेगळं सांगायला नको.

२०२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्याची कामं आता येतील. कुशावर्त कुंडावरचं मागचं शेवटचं शाही स्नान २५ सप्टेंबर २०१५ ला झालं. तेव्हा जे टिपायचं राहिलं, त्याला बारा वर्षं थांबावं लागतं. कॅशसाठी स्वतंत्र, छोटा एसएसडी घ्या आणि रिझॉल्व्हच्या प्रोजेक्ट सेटिंगमध्ये ‘वर्किंग फोल्डर्स’खाली त्याचा पत्ता द्या. मूळ चित्रीकरणाच्या ड्राइव्हवर कॅश ठेवूच नका. दोन वेगळ्या ड्राइव्हवर कॉपी होऊन त्यातल्या क्लिपा उघडून बघितल्याशिवाय कार्ड फॉरमॅटला देऊ नका, कॅमेरामन घाटावरून कितीही फोन करो.