कपाटातील नंदादीप

देवघरात अहोरात्र तेवणारा नंदादीप तुमच्यापैकी कित्येकांनी पाहिला असेल. त्याची ज्योत लहानशी असते. परंतु ती क्षणभरही विझत नसल्यामुळे महिन्याकाठी तिला लागणारे तेल काही थोडेथोडके नसते. अकोल्यास आमच्या घरी असाच एक नंदादीप आहे. तो देवघरात नसून माडीवरील खोलीच्या लाकडी कपाटात आहे. आणि त्याला तेलाऐवजी वीज लागते. तो म्हणजे एक जुना संगणक होय.

सदैव जागा राहून इतर संगणकांना व मोबाइलना हवी ती माहिती पुरवणाऱ्या संगणकाला सर्व्हर असे म्हणतात. मोठ्या कंपन्यांपाशी असे हजारो सर्व्हर असतात. आमचा सर्व्हर एकटाच, आणि त्याचे कामही घरगुती. त्यात घरातील तीन पिढ्यांची छायाचित्रे आहेत, जुनी कागदपत्रे आहेत, आणि १९८६ साली एका कॅसेटवर मुद्रित केलेल्या माझ्या आईच्या जात्यावरच्या ओव्या आहेत. आई आता नाही. ती कॅसेटही झिजून गेली. माझी मुलगी टोरांटो येथे राहते. आजीच्या त्या ओव्या ती तिकडे बसून ऐकते, त्या या कपाटातूनच.

एका मे महिन्यात, भर दुपारी, हा संगणक आपोआप बंद पडला. वऱ्हाडात त्या दिवसांत पारा पंचेचाळीस अंशांच्या वर जाणे ही काही नवलाईची गोष्ट नव्हे. कपाटाचे दार उघडताच भट्टीपुढे उभे राहावे तसा उष्ण झोत तोंडावर आला. संगणकात हिशेबाचे सारे काम करणारा जो प्रोसेसर असतो, तो मर्यादेपलीकडे तापला की, प्रथम आपली गती कमी करतो. तेवढ्यानेही भागले नाही, तर सारे यंत्र बंद करून स्वतःचा जीव वाचवतो. हार्ड डिस्कला मात्र सामान्यतः अशी सोय नसते. ती उष्णता मुकाट्याने सोसते आणि एखाद्या दिवशी कायमची निकामी होते. आईचा आवाज त्या डिस्कवर होता!

मी घाईघाईने एक टेबलपंखा आणला आणि दार उघडे टाकून तो कपाटासमोर लावून दिला. माझा बारा वर्षांचा नातू हे पाहत होता. तो म्हणाला, “आजोबा, पंख्यालाही वीज लागतेच ना? मग तिची उष्णता कोठे जाते?”

त्याचा प्रश्न मला निरुत्तर करणारा होता. विजेचा पंप पाणी वर चढवतो. तेव्हा विजेचा काही भाग त्या पाण्याच्या उंचीच्या रूपाने शिल्लक राहतो. संगणक असे काहीच उचलीत नाही की ढकलीत नाही. जेवढी वीज तो घेतो, तेवढी जवळजवळ सगळी शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. काम आणि उष्णता ही एकाच ऊर्जेची दोन रूपे आहेत, हे जेम्स प्रेस्कॉट जूल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४० नंतरच्या दशकात प्रयोगांनी दाखवून दिले. ते मी शाळेत शिकलो होतो. पण कपाटासमोर उभा असताना ते मला आठवले नाही. पंखा उष्णता नाहीशी करीत नाही. तो ती केवळ एका जागेवरून दुसऱ्या जागी नेतो, आणि वर आपल्या पन्नास वॅटांची भर खोलीत टाकतो.

म्हणून प्रथम मोजमाप करावे असे ठरले. प्लग आणि यंत्र यांच्यामध्ये लावण्याचा एक लहानसा वॅटमापक नातवाने कोठून तरी मिळवला. संगणक स्वस्थ बसलेला असताना, म्हणजे कोणीही काही मागत नसताना, मापकावर ६२ हा आकडा आला. ६२ वॅट! बंद कपाटात साठ वॅटचा जुना पिवळा दिवा रात्रंदिवस लावून ठेवावा, तशातलाच हा प्रकार होता.

आता थोडा हिशेब पाहा. एक हजार वॅटचे यंत्र एक तास चालले की एक युनिट वीज खर्च होते. ६२ वॅट दिवसाचे चोवीस तास, म्हणजे १,४८८ वॅट-तास. जवळजवळ दीड युनिट. हजार वॅटची इस्त्री पाव तास वापरली तर पाव युनिट लागते. याचा अर्थ, आमचा संगणक काहीही न करता रोज सहा वेळा इस्त्री केल्याइतकी वीज खात होता. इस्त्री लावली की आपण ‘लवकर बंद कर रे’ म्हणून ओरडतो. कपाटाकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. वर्षात ८,७६० तास असतात. तेव्हा अखंड चालणाऱ्या यंत्रातील एकेक वॅट वर्षाला सुमारे पावणेनऊ युनिटे घेतो. ही एक गोष्ट ध्यानात आल्यावर आम्ही दोघे एकेका वॅटाच्या मागे लागलो.

वीज तोडून, काही वेळ थांबून, आम्ही यंत्राची पेटी उघडली. आत धुळीचा थर तर होताच. शिवाय पालीची दोन रिकामी अंडीही होती. प्रोसेसरची उष्णता हवेत सोडण्यासाठी त्यावर धातूच्या पातळ पात्यांचा एक ठोकळा बसवलेला असतो. त्याच्या पात्यांमध्ये धूळ इतकी दाटली होती की हवेला शिरकावच नव्हता. ती मऊ कुंचल्याने साफ केली. प्रोसेसर व ठोकळा यांमधील वाळून गेलेला उष्णतावाहक लेप पुसून नवा लावला. त्यामुळे उष्णता लवकर बाहेर पडू लागली खरी. तथापि मापकावरील आकडा फारसा हलला नाही. निचरा सुधारला होता, उगम तसाच होता.

उगमाचा शोध घेताना पहिला चोर सापडला, तो खेळांची चित्रे रंगवणारे ग्राफिक्स कार्ड. आमच्या सर्व्हरला पडदाच जोडलेला नव्हता. मग चित्रे रंगवायची कोणासाठी? ते काढताच १४ वॅट उतरले. दुसरी, जवळजवळ रिकामी असलेली डिस्क उगाच गरगरा फिरत होती. तिने ६ वॅट वाचवले. ही डिस्क आम्ही टाकून दिली नाही. दर रविवारी ती जोडून तीवर सर्व ठेव्याची दुसरी प्रत उतरवतो व ती पोलादी कपाटात ठेवतो. डिस्क कितीही थंड ठेवली तरी ती अमर होत नसते.

तिसरी गोष्ट मला सर्वांत मनोरंजक वाटली. प्रोसेसरमध्ये अगणित सूक्ष्म खटके असतात आणि ते दर सेकंदाला अब्जावधी वेळा उघडतात-मिटतात. या कामी लागणारी वीज गतीच्या प्रमाणात वाढते. परंतु विद्युत्-दाबाच्या मात्र वर्गाच्या प्रमाणात वाढते. दाब १२ भागांवरून १० भागांवर आणला, तर खर्च १४४ वरून १०० वर येतो. सहावा भाग दाब कमी केला आणि वीज सुमारे तीस टक्के वाचली! आधुनिक प्रोसेसर काम नसताना आपली गती व दाब आपण होऊनच उतरवतो; पण आमच्या यंत्रात ही सोय कोणीतरी, बहुधा वेगाच्या हौसेने, बंद करून ठेवलेली होती. ती चालू करताच आणखी ८ वॅट गेले. ज्याला हौस असेल त्याला हाताने दाब याहूनही खाली आणता येतो. पण तो फाजील उतरला तर प्रोसेसर हिशेब चुकू लागतो. जेथे आईचा आवाज ठेवला आहे तेथे असा प्रयोग मला नको वाटला, व नातवानेही तो हट्ट सोडला.

६२ चे ३४ झाले होते. कपाटाच्या पाठीमागील फळीला खाली व वर भोके पाडली. गरम हवा हलकी असल्याने वरून निघून जाते आणि खालून ताजी आत येते. टेबलपंखा परत दिवाणखान्यात गेला.

तरीही मे महिन्याच्या दुपारची धास्ती होतीच. कारण थंड करणारी हवाच बेचाळीस अंशांची असेल, तर कोणतेही यंत्र तिच्याहून थंड होणे शक्य नाही. मी सुचवले, “रात्री बंद ठेवू या, रात्री कोण फोटो पाहतो?” नातू हसून म्हणाला, “आजोबा, आत्या पाहते! आपली रात्र म्हणजे तिकडचा दिवस.” हे मात्र मी विसरलोच होतो. मग आम्ही घड्याळे मांडून बसलो. उन्हाळ्यात टोरांटोचे घड्याळ आपल्या साडेनऊ तास मागे असते. आपल्याकडे सकाळी दहा वाजतात तेव्हा तेथे मध्यरात्रीनंतरचे साडेबारा. आपल्याकडे दुपारचे चार, तेव्हा तेथे पहाटेचे साडेसहा. या सहा तासांत तिकडे मुलगी झोपलेली, इकडे नातू शाळेत किंवा सुट्टीत खेळात दंग, आणि खोली सर्वांत तापलेली! ज्या वेळी सर्व्हर कोणालाच नको होता, नेमक्या त्याच वेळी तो सर्वाधिक भाजत होता. संगणकातील घड्याळाला गजर लावता येतो. आता तो दहाला निजतो व चारला उठतो. अठरा तास, ३४ वॅट; दिवसाला ६१२ वॅट-तास. पूर्वीच्या निम्म्याहूनही कमी.

ज्यांना नव्यानेच सर्व्हर मांडावयाचा असेल, त्यांना याहून सुटसुटीत मार्ग आहे. पत्त्याच्या पानाएवढा रास्पबेरी पाय नावाचा संगणक २०१२ साली इंग्लंडमध्ये निघाला. स्वस्थ असताना अशा संगणकाला तीन-चार वॅट पुरतात. त्याची चौथी आवृत्ती २०१९ मध्ये आली, तेव्हा ती फार तापते अशी ओरड झाली होती. कर्त्यांनी तिच्यावर पंखा चढवला नाही. त्याच वर्षी आतील आज्ञावली सुधारून तिची विजेची भूकच कमी केली. पाटी आडवी न ठेवता उभी ठेवली तर ती अधिक थंड राहते, हेही त्यांनी मोजून दाखवले. आम्ही मात्र जुने यंत्र चालते आहे तोवर चालवणार आहोत.

एक काम अद्याप राहिले आहे. भिंतीतील वीज संगणकाला सोसेल अशी करून देणारा जो भाग असतो, तो आमच्या यंत्रात पाचशे वॅटचा आहे. एका पोराला शाळेत पोचवण्यासाठी एस.टी.ची सबंध बस काढावी, तसे ते आहे; एवढ्या अल्प भारावर त्यातील बरीच वीज वाटेतच उष्णता होऊन जाते. तो बदलला तर आणखी चार-पाच वॅट वाचतील, असा नातवाचा अंदाज आहे. पावणेनवाच्या पाढ्याने त्याने त्याची किंमत किती वर्षांत फिटेल हे काढले, आणि तो कागद माझ्यापुढे ठेवला आहे. मी तो अजून तपासतो आहे.