वकिलाची फी आणि अशिलाचा मोबदला

प्रश्न : सनद मिळून मला आठ महिने झाले. भूसंपादनाचा वाढीव मोबदला मागणाऱ्या एका माडिया अशिलाजवळ फीपुरतेही पैसे नाहीत. मिळणाऱ्या रकमेचा चौथा हिस्सा लिहून घ्यावा, असे सहकारी सुचवितात. हे योग्य आहे काय?
— एक नवोदित वकील, गडचिरोली

उत्तर : आपल्या मनात शंका उद्भवली, हेच मला समाधानाचे वाटते. अशिलाने राजीखुशीने लिहून दिला तरी असा करार करता येत नाही; निकालावर अवलंबून फी ठरविणे किंवा दाव्याच्या फळात वाटा घेणे भारतीय विधिज्ञ परिषदेच्या नियमांनी निषिद्ध आहे, कारण ज्या रकमेत वकिलाचाच हिस्सा अडकला, तिच्याविषयी तडजोडीचा निःपक्ष सल्ला त्याच्या मुखातून निघणे कठीण.

शिवाय माडियांसारख्या अनुसूचित जमातीच्या व्यक्तीस, तिचे उत्पन्न कितीही असो, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने मोफत विधिसाहाय्याचा हक्क दिला आहे. ही गोष्ट अशिलास प्रथम सांगा व जमातीच्या दाखल्यासह जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करवा. प्रकरण आपणच चालविणार असाल, तर माफक व निश्चित फी हप्त्याने घ्या आणि प्रत्येक हप्त्याची पावती द्या.

मात्र विलंब नको. २०१३ च्या भूसंपादन कायद्याखाली, निवाड्याच्या वेळी हजर असलेल्या खातेदारास वाढीव मोबदल्याच्या अर्जासाठी सहाच आठवडे मिळतात, आणि हरकत न नोंदविता रक्कम उचलल्यास तो हक्कच जातो. वकीलपत्रावर अंगठा घेण्यापूर्वी त्यातील रिकाम्या जागा भरा आणि सारा मजकूर अशिलाला माडियात समजावून सांगणारा माणूस शेजारी बसवा.