पाहुण्याच्या घड्याळाप्रमाणे चाल

बाळा, लग्न मुलीकडे नागपूरला आणि रिसेप्शन आपल्याकडे रायपूरला, हे ठरलं ते छानच झालं. आता लॉन आणि केटरर बघायला निघण्याआधी माझं जरा ऐक. पाहुण्यांची यादी काढ आणि प्रत्येक नावापुढे लिही, हा माणूस किती वाजता येऊ शकेल आणि त्याला किती वाजता निघावं लागेल. बाकीचं सगळं त्यावरून ठरव.

आपल्या गावात मंडळी एका वेळेला येत नाहीत. तात्यापाऱ्यातले आणि चौबे कॉलनीतले आपले वडीलधारे साडेसातला हजर होतात, त्यांना आठला पान वाढलेलं लागतं. गोलबाजारातले, पंडरीच्या कापड बाजारातले दुकानदार शटर ओढून, घरी जाऊन, कपडे बदलून साडेनऊला पोचतात. काही जैन शेजारी सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. डिसेंबरच्या सुरुवातीला इथे साडेपाचच्या आत सूर्य मावळतो, मग त्यांच्या हातात रात्रीची पत्रिका देऊन काय उपयोग? त्यांना चारलाच घरी बोलाव, नव्या सुनेला भेटव आणि कांदा-लसूण, बटाटा, कंदमूळ काही नसलेलं ताट प्रेमानं वाढ.

जेठौनी झाली, म्हणजे आपली तुळशीची लग्नं लागली, की इथे मुहूर्तांची झुंबड उडते. एकाच संध्याकाळी लोकांच्या हातात तीन-तीन पत्रिका असतात. म्हणून जेवण साडेसातला सुरू म्हणजे सुरूच. नवरानवरी पार्लरमधून यायचे आहेत म्हणून झाकणं बंद ठेवायची नाहीत. आणि साडेदहाला येणाऱ्यालाही पहिल्या पंगतीसारखीच गरम पुरी मिळाली पाहिजे. केटररशी बोलताना पदार्थ किती ते नंतर विचार. शेवटच्या तासाला कढईजवळ किती माणसं उभी असतील, ते आधी ठरवून घे.

सगळ्यात जास्त लक्ष दे ते स्टेजकडे. पाहुण्यांचे हाल तिथेच होतात. पाऊण तास रांगेत उभं राहायचं, फोटोवाला सांगेल तसं वळायचं आणि नवरीशी एक शब्दही न बोलता उतरायचं, यात कुणाला कसला आनंद? नवरानवरीला सातला तयार ठेव. साडेआठपर्यंत त्यांनी खालीच फिरावं, टेबलाटेबलाशी जाऊन वडीलधाऱ्यांच्या पाया पडावं, चार शब्द बोलावेत. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना पायऱ्या चढायला लावू नकोस. स्टेज त्यानंतर, तास-दीड तास. सुनेसोबत आपल्यातली एक बाई उभी कर, जी प्रत्येकाचं नातं तिच्या कानात सांगेल: ‘हे तुझे मामेसासरे, ह्या शेजारच्या काकू.’ नावानं नमस्कार झाला की माणूस सुखावतो. आणि आहेर नको असेल तर पत्रिकेतच तसं छाप. स्टेजवर लिफाफा परत करताना देणारा अवघडतो.

पाहुणे दोनशेच्या आसपास असतील तर गावातलाच हॉल घे. व्हीआयपी रोडची लॉन देखणी आहेत, पण ती विमानतळाच्या वाटेवर, गावाबाहेर. तिथे करायचंच असेल तर तात्यापाऱ्याहून आणि स्टेशनवरून गाडीची सोय तू कर, आणि परतीची वेळ पत्रिकेसोबतच कळव. रात्री अकराला म्हाताऱ्या माणसानं रिक्षा शोधत उभं राहायचं का?

धुमाल वाजू दे, धुमालशिवाय आपल्याकडची वरात कसली? पण तो दारापर्यंत. जेवणाच्या जागी बोललेलं ऐकू आलं पाहिजे, कित्येक वर्षांनी भेटलेली माणसं बोलायलाच आलेली असतात. मोकळ्या जागेत रात्री दहानंतर लाउडस्पीकर चालतही नाही, 2000 सालापासून तसा नियमच आहे.

पदार्थांचा ढीग नको. दहा भाज्यांपेक्षा चार नीट झालेल्या बऱ्या. वरणभातासाठी नगरीचा दुबराज घे. त्याला 2023 मध्ये जीआय मानांकन मिळालं, पण आपण तर कधीपासून खातोय. मसालेभात दुसऱ्या तांदळाचा कर, मसाल्यात दुबराजचा वास दबतो. पुण्याच्या पाहुण्यांसाठी फरा आणि तव्यावरचा गरम चीला ठेव, टोमॅटोच्या चटणीसोबत. हे त्यांना तिकडच्या कुठल्या लग्नात मिळणार? आणि इकडच्या मंडळींसाठी अळूची भाजी, मठ्ठा आणि जिलबी. थोरांची एक पंगत मात्र बसवच, टेबल-खुर्ची लावून, माहुलाच्या पत्रावळीवर, घरच्या माणसांनी आग्रह करत वाढलेली.

तारीख पुढे ढकलून अक्तीची, म्हणजे अक्षय तृतीयेची केलीस, तर सगळं वेगळं. तेव्हा इथे रात्री आठलाही जमिनीतून वाफ येते. दारातच कैरीचं पन्हं दे, श्रीखंड बर्फावर ठेव, खव्याच्या मिठाया टाळ आणि जनरेटर आधी चालवून बघ.

धुमालवाले, ड्रायव्हर, वाढपी यांची ताटं कधी लावायची, तेही लिहून ठेव. धुमालवाल्यांना वाजवण्याआधी जेवू घाल, ड्रायव्हरांना पाहुण्यांच्या बरोबरीनं.

रात्रीच्या गाडीनं परतणाऱ्यांसाठी डबे सातलाच बांधून ठेव. पुरी आणि सुकी भाजी, सोबत ठेठरी-खुरमीची पिशवी, ती आठवडाभर टिकते. डब्यावर नाव लिही, आणि स्टेशनवर सोडायला घरातलं कुणीतरी जाऊ दे.