रूळ की विजेच्या तारा?

विजेवर धावणारी छोटी आगगाडी तुम्ही एखाद्या प्रदर्शनात पाहिली असेल. पुण्यात कोथरूडला तर अशा गाड्यांचे एक संग्रहालयच आहे. या गाडीच्या इंजिनात सहसा बॅटरी नसते आणि मागून वायरही ओढली जात नाही. मग इंजिनातील मोटरला वीज मिळते कोठून? रुळांतून! गाडीची वाट आणि विजेची वाट येथे एकच असते. ही एक गोष्ट नीट ध्यानात घेतली, तर घरी असा मार्ग उभारताना येणाऱ्या बहुतेक अडचणी आपल्या आपण उलगडतात.

प्रथम मापे पाहू. या छंदात 'एचओ' हे माप फार प्रचलित आहे. यात प्रत्येक वस्तू खरीच्या १/८७ असते. जगातील पुष्कळ देशांत दोन रुळांमधील अंतर १४३५ मिलिमीटर असते. त्याला ८७ ने भागा, १६.५ मिलिमीटर येतील. आपल्या ब्रॉडगेजचे अंतर १६७६ मिलिमीटर, म्हणून या मापात ते १९.३ मिलिमीटर हवे. बाजारातील १६.५ मिलिमीटरच्या रुळांवर भारतीय गाडी ठेवली, की रूळ जरा अरुंद का दिसतात, हे यावरून कळेल. आठ फूट लांब व चार फूट रुंद प्लायवुडवर १८ इंच त्रिज्येची वळणे असलेला लंबगोल मार्ग सहज बसतो. तो जमिनीवर मांडू नये. धूळ आणि केस इंजिनाच्या दातेरी चाकांत अडकतात.

आता विजेकडे वळू. एक रूळ १२ व्होल्ट एकदिश प्रवाहाच्या धन टोकाला जोडतात, दुसरा ऋण टोकाला. एका बाजूच्या चाकांतून प्रवाह मोटरमध्ये येतो आणि दुसऱ्या बाजूच्या चाकांतून परत जातो. पण दोन चाके आसाने जोडलेली असतात ना? आस धातूचा असेल, तर प्रवाह मोटरकडे न जाता आसातूनच निघून जाईल. म्हणून निदान एक चाक प्लॅस्टिकच्या तुकड्याने आसापासून विलग केलेले असते. विभवांतर वाढवले की वेग वाढतो आणि टोकांची अदलाबदल केली की गाडी उलट धावते. हे १२ व्होल्ट नेहमी तयार पॉवर पॅकमधूनच घ्यावेत. घरातील २३० व्होल्टची वीज रुळांना कधीही जोडू नये. तो खेळ प्राणघातक ठरेल.

एक कोडे घालतो. इंजिन पूर्वेकडे तोंड करून पूर्वेकडे धावत आहे. ते उचलून तोंड पश्चिमेकडे करून ठेवले. बटणाला हात लावला नाही. आता ते कोणीकडे जाईल? पुष्कळजण 'पश्चिमेकडे' म्हणतात. पण इंजिन फिरवल्यामुळे त्याच्या उजव्या चाकांखाली आता पूर्वी डाव्या हाताला असलेला रूळ आला. मोटरच्या दृष्टीने टोके उलटली. म्हणून इंजिन मागे मागे, म्हणजे पूर्वेकडेच जाते. दिशा इंजिनाचे तोंड ठरवत नाही, रूळ ठरवतात.

दुसरी अडचण अशी : पॉवर पॅकपासून दूर गेल्यावर गाडी मंदावते. रुळांचे तुकडे जोडपट्ट्यांनी जोडलेले असतात आणि सैल किंवा मळकट जोड प्रवाहाला रोध करतो. समजा, इंजिनापर्यंत जाण्या-येण्याच्या वाटेतील सर्व जोडांचा मिळून रोध ४ ओहम आहे आणि इंजिन ०.५ अँपिअर प्रवाह घेते. ओहमच्या नियमाप्रमाणे ०.५ × ४ = २ व्होल्ट वाटेतच खर्च होतील आणि इंजिनाला १० च व्होल्ट मिळतील. उपाय म्हणजे पॉवर पॅकपासून जाड तारा फळीखालून नेऊन मार्गाला चार-सहा ठिकाणी जोडाव्यात. वीजपुरवठा बंद करून रूळ स्पिरिटच्या फडक्याने पुसावेत आणि ते पूर्ण वाळल्यावरच वीज सुरू करावी.

तिसरी अडचण सर्वांत मजेची आहे. गाडी फळीच्या टोकाला जाऊन गोल वळसा घेऊन त्याच मार्गावर परत यावी, असे तुम्हांला वाटेल. कागदावर असा मार्ग काढा. एक रूळ लाल पेन्सिलीने व दुसरा निळ्या पेन्सिलीने रेखाटत वळशातून परत सांध्यापर्यंत या. लाल रूळ निळ्याला येऊन भिडेल! म्हणजे धन आणि ऋण टोके थेट जोडली गेली, शॉर्ट सर्किट झाले. यावर उपाय असा : वळशाच्या दोन्ही टोकांशी दोन्ही रूळ कापून बारीक फट ठेवावी आणि वळशाला स्वतंत्र तारा द्याव्यात. सबंध गाडी वळशात आली, की बटणाने मुख्य मार्गाची टोके उलटवावी. गाडी न थांबता बाहेर पडेल. मात्र वळसा गाडीपेक्षा लांब हवा. आजच्या डिजिटल पद्धतीत वेग व दिशा यांचे संदेश इंजिनातील इलेक्ट्रॉनिक मंडलाला मिळतात, तरीही वळशाची ही अडचण सुटत नाही. कारण तेथेही रूळ दोनच असतात.

खऱ्या रेल्वेत चाके आसापासून विलग नसतात. आस दोन्ही रूळ जोडतो, आणि नेमका याच गोष्टीचा उपयोग अपघात टाळण्यासाठी केला जातो. विल्यम रॉबिन्सन यांनी १८७२ मध्ये अमेरिकेत या युक्तीचे पेटंट घेतले. रुळांचा एक तुकडा विद्युतदृष्ट्या वेगळा करून एका टोकाला बॅटरी व दुसऱ्या टोकाला रिले जोडतात. प्रवाह मिळतो तोवर रिले सिग्नल मोकळा ठेवतो. गाडी आली की प्रवाह आसातून वळतो, रिले सुटतो आणि सिग्नल तांबडा होतो. शिवाय बॅटरी संपली किंवा रूळ तुटून प्रवाह खंडित झाला, तरी सिग्नल तांबडाच होतो. यंत्रणा बिघडली तर गाडी थांबावी, अशीच ही रचना आहे.

शिक्षकांना हा प्रयोग वर्गात सहज करून दाखवता येईल. पुठ्ठ्यावर अॅल्युमिनियमच्या वर्खाच्या दोन पट्ट्या समांतर चिकटवा. एका टोकाला टॉर्चचे दोन सेल आणि त्यांच्याशी एकसरीत टॉर्चचा एक दिवा जोडा. दुसऱ्या टोकाला दोन पट्ट्यांमध्ये तसलाच दुसरा दिवा जोडा. हा झाला आपला सिग्नल. आता दोन्ही पट्ट्यांवर एक खिळा आडवा ठेवा. दूरचा दिवा विझेल आणि जवळचा अधिक प्रकाशमान होईल. जवळचा दिवा काढून सेल सरळ पट्ट्यांना जोडले, तर खिळा ठेवताच सेलचे काय होईल? हे करून न पाहता ओहमच्या नियमावरून विचार करून सांगा.