जुना संगणक, नवी साधने : पूरक भांडवलाचा एक धडा

तंजावूरच्या राजवाडा परिसरातील सरस्वती महाल ग्रंथालयात ताडपत्रांवरील व कागदावरील हस्तलिखिते, तसेच मराठा राजवटीची मोडी लिपीतील दप्तरे जतन केलेली आहेत. दुसरे सरफोजी राजे भोसले (कारकीर्द १७९८-१८३२) यांनी या संग्रहाची मोठी वाढ केली. १९१८ मध्ये तो जनतेसाठी खुला झाला व १९८३ मध्ये त्यास राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला.

ताडपत्र ठिसूळ होते, शाई फिकट होते, कागदाला कसर लागते. म्हणूनच अशा संग्रहांच्या संगणकीय प्रतिमा तयार करणे निकडीचे ठरते. २००३ मध्ये सुरू झालेले राष्ट्रीय हस्तलिखित अभियान आणि २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात घोषित झालेले ज्ञान भारतम् अभियान यांमागे हीच निकड आहे. मात्र लहान ग्रंथसंग्रहांपुढे नेहमी एक प्रश्न उभा राहतो : अनुदान मर्यादित असताना जुन्या, मंदगती संगणकास नवा स्कॅनर जोडावा, की संगणकच बदलावा?

पूरक वस्तूंचे तत्त्व

स्कॅनर आणि संगणक या परस्परपूरक भांडवली वस्तू होत. एकीची क्षमता दुसरीच्या मर्यादेने बांधलेली असते. ए-४ आकाराचे पान ३०० डीपीआय सूक्ष्मतेने रंगीत टिपल्यास त्याची मूळ प्रतिमा सुमारे २६ मेगाबाइटची होते. यूएसबी १.१ (१९९८) या जोडणीची कमाल गती सेकंदास १२ मेगाबिट आहे. एका बाइटमध्ये ८ बिट असल्याने ही प्रतिमा संगणकात पोचण्यास किमान १७ सेकंद लागतात. यूएसबी २.० (२०००) ची कमाल गती ४८० मेगाबिट असून तेथे हेच काम अर्ध्या सेकंदात होऊ शकते. नवा स्कॅनर जुन्या जोडणीवर चालतो, पण जुन्याच गतीने.

अशा वेळी यूएसबी २.० चे एक स्वस्त जोडकार्ड संपूर्ण नव्या संगणकापेक्षा रुपयामागे अधिक लाभ देऊ शकते. अर्थशास्त्राच्या भाषेत, जेथे सीमांत लाभ सर्वाधिक तेथे पुढील रुपया खर्चावा.

अ‍ॅमडालचा नियम

जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला विचार येथे उपयोगी पडतो. समजा, एका पानास १०० सेकंद लागतात. त्यांपैकी ४० सेकंद प्रतिमा टिपण्यास, तर ६० सेकंद पान हाताळणे, प्रतिमा साठवणे व नोंद करणे यांस लागतात. चौपट वेगवान स्कॅनर आणल्यास ४० चे १० सेकंद होतील. एकूण वेळ ७० सेकंद होईल. म्हणजे कामाची गती चौपट न होता जेमतेम १.४ पट वाढेल. ताडपत्र तर एकेक करून हातानेच ठेवावे लागते. तेथे घाई धोक्याची असते.

मर्यादा कोणत्या?

प्रत्येक जुना संगणक टिकवणे शहाणपणाचे नसते. ३२-बिट प्रणालीस सर्वसाधारणपणे ४ गिगाबाइटपलीकडील स्मृती वापरता येत नाही. नव्या उपकरणाचे चालक सॉफ्टवेअर जुन्या प्रणालीसाठी उपलब्ध नसेल, तर जोडणीच निष्फळ ठरते. मोडी लिपीचा समावेश युनिकोडमध्ये २०१४ साली झाला. त्यामुळे त्याआधीच्या प्रणालींवर योग्य फॉन्टवाचून मोडी अक्षरे दिसत नाहीत. विंडोज १० चे सर्वसाधारण सुरक्षा साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. असे यंत्र इंटरनेटपासून अलग ठेवून केवळ प्रतिमा टिपण्यास वापरता येते. यंत्र अखेर मोडीत काढताना १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ लक्षात घेऊन ते नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण केंद्राकडे सोपवावे.

निष्कर्ष

खरेदीपूर्वी कामाच्या प्रत्येक टप्प्याचा वेळ मोजावा, सर्वांत संथ टप्पा ओळखावा आणि तेथेच गुंतवणूक करावी. अनेकदा तो टप्पा यंत्राचा नसून माणसाचा असतो : प्रतिमा हजारो, पण मोडी वाचून त्यांची सूची करणारे मोजकेच. ज्या प्रतिमेची नोंद झाली नाही, ती संशोधकास सापडत नाही. म्हणून यंत्राच्या खर्चाबरोबर मोडी वाचकांच्या प्रशिक्षणाची तरतूद करणे हाही भांडवली नियोजनाचाच भाग होय.