विणकामातील सवय, आवड आणि नियम



लोणखेडे-शहादा परिसर हा कापसाचा मुलूख आहे. येथील मुलाला कापसाचे बोंड दाखवून शिकवावे लागत नाही. परंतु त्या कापसाचा दोरा सुईवर चढून त्याचा रुमाल कसा होतो, हे त्याने क्वचितच पाहिलेले असते. रुखवतात मांडलेले क्रोशाचे तोरण मात्र घरोघरी परिचयाचे आहे. वर्ध्याच्या १९३७ च्या शिक्षण परिषदेने हस्तोद्योगाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणले, कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभवाची शिफारस केली आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने इयत्ता सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना शिक्षणाची योजना सुचविली. अशा दिवसांसाठी विणकाम फार सोयीचे आहे. साहित्य थोडे लागते, जागा थोडी लागते आणि केलेले काम डोळ्यांसमोर वाढत जाते. ते शिकविताना शिक्षकाच्या हातून सहज घडणाऱ्या एका चुकीविषयी येथे लिहावयाचे आहे. ती चूक म्हणजे आपल्या सवयीलाच नियम मानणे.

विणणाऱ्या प्रत्येक व्यक्तीच्या काही सवयी व आवडी ठरलेल्या असतात. कोणी लोकर उजव्या हाताने सुईवर घेते, कोणी ती डाव्या हाताच्या तर्जनीवर ताणून ठेवते. पोर्तुगालमध्ये लोकर मानेभोवतून घेऊन विणण्याची रीत आहे. क्रोशाची सुई कोणी लेखणीसारखी धरते, कोणी सुरीसारखी. एक जण हाती घेतलेले काम संपविल्याशिवाय दुसरे घेत नाही. दुसऱ्याच्या पिशवीत तीन कामे अर्धवट असतात. मला स्वतःला सुती दोरा आणि पोलादी सुई आवडते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात घामेजलेल्या हाताला लोकर चिकटते, हे त्याचे साधे कारण. तुकडे शिवून जोडण्याचा मला कंटाळा असल्यामुळे मी शक्य ते गोल विणते. यांपैकी एकही गोष्ट दुसऱ्यास बंधनकारक नाही.

हे मला फार उशिरा उमगले. सुमारे तीस वर्षांपूर्वी एका खेड्यातील शाळेत मी चौथीच्या वर्गाला क्रोशा शिकवीत असे. वर्गातील एक मुलगी डावखुरी होती. ती सुई डाव्या हातात घेई आणि मी ती काढून उजव्या हातात देई. आठ दिवस हा क्रम चालला. नवव्या दिवशी तिने सुई आणि दोरा माझ्या मेजावर आणून ठेवला व ‘मला येत नाही’ एवढेच म्हणाली. मी तिच्या प्रगतिपत्रकात ‘हस्तकलेत रुची नाही’ असा शेरा लिहिला. पुढे तिच्या घरी जाण्याचा प्रसंग आला, तेव्हा दारावर एक छोटे तोरण दिसले. तिने ते डाव्या हाताने, आजीच्या सुईने केले होते. खांब एकसारखे होते. एकही साखळी चुकलेली नव्हती. शेरा चुकीचा होता, आणि तो पुसण्याची वेळ निघून गेली होती.

मग विणकामात नियम नाहीतच काय? आहेत, पण ते हातापेक्षा कापडावरून ठरवावे. टाक्यांची संख्या प्रत्येक ओळीत बरोबर असावी. ताण सारखा असावा. शेवटचा दोरा नीट अडकविलेला असावा. सुलट टाके पिळलेले दिसले, तर मूल लोकर उलट दिशेने गुंडाळते काय, किंवा सुई टाक्याच्या मागच्या बाजूने घालते काय, ते पाहावे. तेथे मात्र सवय सुधारावी लागते. कापड निर्दोष असेल तर हात कसा चालला, याची चौकशी करण्याचे कारण उरत नाही.

सर्वांचा हात सारखा नसतो, हे मुलांना गणिताच्या साहाय्याने पटवून देता येते. दोन मुलांना एकच लोकर व एकाच मापाच्या सुया देऊन नमुना विणावयास सांगावे. समजा, पहिल्याच्या नमुन्यात १० सेंटिमीटर रुंदीत २० टाके बसले आणि दुसऱ्याचा हात घट्ट असल्यामुळे २४ बसले. दोघांनीही ८० टाके घातले, तर पहिल्याचे कापड ४० सेंटिमीटर रुंद होईल, दुसऱ्याचे सुमारे ३३ सेंटिमीटरच भरेल. दुसऱ्याला ४० सेंटिमीटर हवे असतील तर ९६ टाके घालावे लागतील, किंवा थोडी जाड सुई घ्यावी लागेल. घट्ट हात हा दोष नव्हे. ते त्या मुलाचे माप आहे. ते ओळखून हिशेब करणे, हाच पाठ होय. एकमान पद्धतीचे याहून चांगले उदाहरण फळ्यावर सापडणे कठीण.

पाठाच्या दृष्टीने पुढील सूचना उपयोगी पडतील.

१. आरंभ क्रोशाने करावा. त्यात एका वेळी एकच टाका सुईवर असतो. चुकल्यास उसवून पुन्हा करता येते. दोन सुयांच्या विणकामात गळलेला टाका खालपर्यंत उसवत जातो. तो वर उचलण्यासाठीही क्रोशाची सुईच कामी येते.

२. उजव्या हाताने काम करणारी शिक्षिका उजव्या मुलाच्या शेजारी बसेल आणि डावखुऱ्या मुलाच्या समोर बसेल. समोर बसल्याने तिचे हात त्याला आरशाप्रमाणे दिसतात.

३. साखळी, मुका खांब, खांब ही आपली नावेच वापरावी. इंग्रजी नमुन्यांत ब्रिटनमधील ‘डबल’ आणि अमेरिकेतील ‘डबल’ हे दोन निराळे टाके आहेत. त्यामुळे मोबाइलवरील नमुना पाहताना तो कोठला, हे आधी तपासावे.

४. टाके मोजताना मूल अहिराणीत, गुजरीत किंवा पावरीत मोजत असेल तर मोजू द्यावे. संख्या बरोबर आली की पुरे.

५. दोन सुयांवरचे काम ओळीच्या मध्येच सोडू नये. ओळ संपवूनच ठेवावे. मध्ये ठेवल्यास त्या ठिकाणी ताण बदललेला दिसतो.

६. मुलगे आणि मुली यांना एकत्र बसवावे.

मूल्यमापन करताना वहीत दोन रकाने करावे: एकात ‘कापड’, दुसऱ्यात ‘हात’. पहिल्या रकान्यात गुण द्यावे. दुसऱ्यात केवळ नोंद ठेवावी: डावखुरा, घट्ट, सैल, सावकाश, पुटपुटत मोजणारी. वर्षअखेर ही नोंद पाहिली म्हणजे आपला वर्ग किती निरनिराळ्या हातांचा आहे, ते ध्यानात येईल. आणि ज्या मुलाच्या नावापुढे ‘रुची नाही’ असे लिहावयास आपली लेखणी उचलेल, त्याच्या हातात आपण कोणाची सवय दिली होती, हे क्षणभर आठवावे, एवढीच विनंती.