ई-पुस्तकांची देवघेव

छापील पुस्तक स्नेह्यास वाचावयास दिले तरी प्रत एकच राहते. ई-पुस्तक पाठविताना मात्र नवी प्रत निर्माण होते. म्हणून प्रकाशक त्यास सांकेतिक कुलूप घालतात. हक्कभंगाच्या हेतूने ते तोडणे प्रताधिकार कायद्याच्या २०१२ मधील दुरुस्तीने दंडनीय ठरले आहे. अशा वेळी शिक्षकाने आपले वाचनयंत्रच सहकाऱ्यास द्यावे.

तथापि, भारतात लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी प्रताधिकार संपतो. साने गुरुजींचे निधन १९५० साली झाले. त्यामुळे ‘श्यामची आई’ची मूळ संहिता २०११ पासून सर्वांस मुक्त आहे. नव्या आवृत्तीतील चित्रे व प्रस्तावना यांचा हक्क निराळा असू शकतो. एवढे पाहून शिक्षकांनी अशी पुस्तके विद्यार्थ्यांस निःसंकोच द्यावीत.